आंबे पुरवणे : काकू

पावस,
१४ मे

चि. वेदू,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. आम्ही म्हणजे मी आणि मांजर.

फोनवर तू 'हो', 'नाही', 'बरं' एवढंच म्हणतेस, आणि तेवढ्यासाठीसुद्धा तुझ्या आईला, दर्शनाला, फोन तुझ्या हातात कोंबावा लागतो. म्हणून पत्र लिहिते. रावजी रोज टेंपोतून आंब्याच्या पेट्या घेऊन रत्नागिरीला येतो, तो जाता जाता घरी देईल. उत्तर लिहावंसं वाटलं तर त्याच्याच हाती दे. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

इकडची खबर अशी की वाचनालयात कपाटांना रंग देतायत, म्हणून आठवडाभर पुस्तक नाही. घरातलंच जुनं काढून परत वाचते. वानरांनी पुढच्या दारची पपई मोडली. शेजारच्या यमुनाबाईंचा गुडघा अजून तसाच आहे, पण तोंड चालू आहे. विहिरीमागच्या उशिराच्या कलमावर थोडे आंबे आहेत, बाकी बाग रिकामी झाली.

रविवारच्या तुमच्या विज्ञान शिबिराच्या प्रदर्शनाचं मनाला लावून घेऊ नकोस. मी आले होते, मागे उभी होते, हे तू पाहिलंस. बोलायला पुढे आले नाही, कारण गर्दी होती.

तुझी कल्पना चांगलीच होती. आंबे पेंढ्यात घालून आढी लावायची, त्यात तुझा डबा ठेवायचा, त्यानं आतला वास नि ऊब मोजायची आणि दिवा लावून सांगायचं. तांबडा म्हणजे कच्चा, हिरवा म्हणजे पिका. पेंढा उकलायला नको, आंबा दाबायला नको. शिबिराच्या सरांनीही त्या दिवशी सुरुवातीला तुझं कौतुक केलं. मग त्या परीक्षक बाईंनी पिका आंबा आत ठेवला आणि तांबडा दिवा लागला. बाईंनी अंगठ्यानं जरा दाबलं तर साल फुटून रस टेबलावर. मग कैरीसारखा टणक आंबा ठेवला, तर हिरवा दिवा. कोणीतरी म्हणालं, "या डब्याच्या घरी पिकल्या आंब्याचं लोणचं घालत असतील." सगळे हसले.

मी हसले नाही. पण यंत्र ते यंत्र. त्याला माणसाचं नाक कुठून येणार? सुट्टी संपेपर्यंत विसरून जाशील.

काकांचा मीटर जपून ठेव. त्याच्या वायरी गुंडाळताना आवळू नकोस, ते सैल गुंडाळायचे, आठाच्या आकड्यासारख्या. मी तेहतीस वर्षं लांबून पाहिलंय.

रावजीबरोबर आंब्याची साटं पाठवते आहे. एप्रिलच्या शेवटी घातली होती, ऊन चांगलं मिळालं, मऊ झालीत. एकटीनं खा, तुझ्या बाबांना, अजिंक्यभाऊजींना, दिलीस तर तुला उरणार नाहीत.

तुझी,
काकू


पावस,
१९ मे

चि. वेदिकास आशीर्वाद.

काल रावजीनं तुझं पत्र दिलं आणि सोबत पिशवी दिली. पिशवी जड होती. मला वाटलं दर्शनानं काही खाऊ पाठवला असेल. उघडली तर काकांचा मीटर, त्यांचा सोल्डरिंग आयर्न, आणि डाख द्यायच्या तारेचं अर्धं उरलेलं रीळ.

आधी पिशवीबद्दल लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला हात सैल होईल.

मला आनंद झाला. तुला वाचून वाईट वाटेल, पण झाला. काका जायच्या आधीच्या महिन्यात या वस्तू त्यांनी तुझ्या हातात दिल्या, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तू बारा वर्षांची होतीस, रडत होतीस. तुला देऊन झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दमू, चष्म्याचं घर तेवढं तुझ्याकडे ठेव." दोन वर्षं ते माझ्या कपाटात आहे. रोज एकदा उघडते. आत चष्मा आहे. तो मला लागत नाही, माझा नंबर वेगळा.

मी लग्न होऊन आले तेव्हा चौथी झालेली होते. बाजारातलं त्यांचं दुरुस्तीचं दुकान तेव्हा नवीन होतं. रेडिओचे सुटे भाग ज्या कागदांत गुंडाळून यायचे ते कागद मी घरी आणून सरळ करायची आणि अक्षर लावून वाचायची. माझं वाचन असं सुरू झालं. पुढे त्यांची मासिकं वाचली. कळायचं नाही, तरी वाचायची. एकदा, लग्नाला सातेक वर्षं झाली असतील, मी म्हटलं की मलाही एक जोड मारायला दाखवा. ते वर न बघताच म्हणाले, "शॉक बसेल गो. चहा ठेव." रागानं नाही हो, प्रेमानंच म्हणाले. मी चहा ठेवला. परत विचारलं नाही.

आणि मग तू आलीस, आठ वर्षांची. पहिल्याच मे महिन्यात त्यांनी तुला स्टुलावर उभं केलं आणि तो तापलेला आयर्न तुझ्या हातात दिला. तुझ्या हाताला धरून म्हणाले, "घाई नको. आधी जोड तापव, मग तार लाव." मी चहा घेऊन आले होते. कप ठेवायला टेबलावर जागा नव्हती, म्हणून परत घेऊन गेले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

तर काल मी तो मीटर त्यांच्या टेबलावर ठेवला. टेबल आता माजघरात आहे, त्यावर मी पापडाचे डबे ठेवते. डबे काढले, पुसलं. विजेरीतला एक सेल काढून मीटरच्या दोन्ही टोकांनी धरला, ते धरायचे तसा. सुई उठली. वेदू, माझ्या हातानं सुई उठली. मी पाच-सहा वेळा ती उठवली आणि बसवली. यमुनाबाई दारातून म्हणाल्या, "दमयंती, काय गो, सेलाची नाडी बघतंस?" मी म्हटलं, हो, बरा आहे.

मग जेवायला बसले आणि तुझं पत्र परत काढलं. पहिल्यांदा वाचलं होतं ते पिशवीच्या घाईत. दुसऱ्यांदा नीट वाचलं. तू लिहिलं आहेस, सगळे जोड दोनदा तपासले, वरून चूक दिसत नाही, म्हणजे आत कुठेतरी माझंच सोल्डरिंग कच्चं राहिलं. लिहिलं आहेस, काकांनी शिकवलेलं मला आलंच नाही, उगीच त्यांचं नाव फाइलवर घातलं. सर ३१ तारखेपर्यंत सुधारून आणायला सांगतात, चांगलं झालं तर जुलैत पुण्याच्या प्रदर्शनाला पाठवतील, पण मी जाणार नाही. वस्तू तुझ्या घरच्या आहेत, तूच ठेव.

ताट तसंच राहिलं.

तुझा हात वाईट नाही. जोड कच्चे नाहीत. डब्यात कसलीही चूक नाही. आंब्यांबद्दल मी तुला खोटं सांगितलं.

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही.

एप्रिलात तू डबा घेऊन इथे राहायला आलीस, आढी लावली, आणि पहिल्या सकाळी मला पडवीत बसवून समजावलंस. म्हणालीस, "काकू, याला नाक आहे, पण कुठल्या वासाला काय म्हणायचं ते त्याला ठाऊक नाही. ते तू सांगायचं. तू म्हणशील कच्चा, तर तो त्या दिवसाचे आकडे कच्चा म्हणून लक्षात ठेवणार." मला ते फार आवडलं. मूल लहान असतं तेव्हा आपण सांगतो ना, हा काऊ, ही चिऊ, तसं. मी रोज सकाळी आढीशी गुडघे टेकायची, पेंढ्यात नाक घालायची, तू वही घेऊन बाजूला. तू म्हणायचीस, "सांग." मी सांगायची. पहिले पाच दिवस मी अगदी खरं सांगितलं.

या वाडीत सासूबाईंनंतर कोणीही आढी उकलायची तर मला हाक मारतात. "दमयंती, ये गो जरा, वास घे." काकांच्या दुकानात गिऱ्हाईक आंबे घेऊन आलं तर तेसुद्धा पिशवी माझ्याकडे पाठवायचे. तुझ्या काकांना रेडिओतलं सगळं कळायचं, पण आंबा कळायचा नाही. माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती जी त्यांनी मला विचारली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तू म्हणालीस, "पुढच्या वर्षी तुला वाकायला नको, काकू. डबाच सांगेल." तू माझ्या गुडघ्यांसाठी म्हणालीस, हे मला तेव्हाही कळत होतं. मग तू अंगणात गेलीस आणि मी तुझी फाइल उघडली. पहिल्या पानावर चांगल्या वळणदार अक्षरात मार्गदर्शक म्हणून काकांचं पूर्ण नाव. त्याखाली रेघ. रेघेखाली बारीक अक्षरात, 'आंबे पुरवणे : काकू'.

आंबे झाडानं पुरवले होते.

सहाव्या सकाळी आढीला पहिला गोड वास सुटला होता. अगदी पातळ, भाताचं झाकण जरा सरकवल्यासारखा. तू म्हणालीस, "सांग." मी म्हटलं, कच्चा. तू लिहिलंस. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस, इतका तुझा विश्वास. सातव्या दिवशी कच्चा. आठव्या दिवशी वास पडवीपर्यंत यायला लागला. तू म्हणालीस, छान वास येतोय ना? मी म्हटलं, हा तर पेंढ्याचा, अजून चार दिवस आहेत. तू वहीत तेही लिहिलंस, 'पेंढ्याचा वास, फसू नये.'

नंतर लपवायची वेळ आली. तू आंघोळीला गेलीस की मी हात घालून पिकलेले आंबे काढायची आणि वरचा पेंढा फुगवून ठेवायची. तीन दिवसांत जवळजवळ सगळे तयार आंबे काढले. आत राहिले ते मागास, टणक. बाराव्या दिवशी वास पार उतरला होता, आणि त्या दिवशी मी म्हटलं, झाला, पिका. तू उकलायला घेतलीस तर मी तुला बाजारात पाठवलं, आणि परत आलीस तेव्हा यमुनाबाईंकडून आणलेले चार पिके आंबे वर होते.

तुझ्या डब्यानं काय शिकायचं? वास भरपूर म्हणजे कच्चा, वास नाही म्हणजे पिका. प्रदर्शनात त्यानं तेच सांगितलं. मी जे शिकवलं ते त्यानं एका शब्दाचीही चूक न करता म्हणून दाखवलं. हसणारे हसले ते मला हसले, हे मला मागे उभं असताना कळत होतं. म्हणून पुढे आले नाही. गर्दी नव्हती.

आणि ती साटं. ती त्याच आंब्यांची. रस काढून ताटांतून मागच्या बाजूला वाळत घातला होता, तू तिकडे यायची नाहीस म्हणून.

मी तुझा हेवा केला. सहा वर्षांपूर्वीही केला, आणि एप्रिलातही. पण माझा समज असा होता की मी फार तर तुझा एक दिवस खराब करते आहे. काल तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं की तू दोष काकांच्या शिकवण्यावर नेऊन ठेवलास. ते शिकवणं मला मिळालं नाही, पण मी ते दारातून सगळं पाहिलं आहे. त्यांनी तुला एकही गोष्ट अर्धी शिकवली नाही आणि तू एकही अर्धी शिकली नाहीस. एवढं मी कोणासमोरही सांगेन.

पत्र आईला दाखवायचं तर दाखव. मी तिला वेगळं काही सांगणार नाही.

काकू


पावस,
२२ मे

चि. वेदू,

आशीर्वाद घे किंवा बाजूला ठेव, मी लिहायचं थांबवणार नाही.

काल दर्शनाचा फोन आला होता. म्हणाली, वेदूनं पत्र वाचलं आणि गच्चीवर जाऊन बसली. उतरली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि उरलेली साटं कचऱ्यात टाकली. बरं केलंस. दर्शना मला बरंच बोलली. म्हणाली, "वहिनी, पोर तुमच्या कुशीत झोपायची हो." फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ते वाक्यच कानात.

कामाचं लिहिते.

विहिरीमागच्या उशिराच्या कलमावरचे आंबे परवा, वीस तारखेला, काशीरामकडून उतरवून घेतले. चार डझन निघाले. या बागेतले या वर्षीचे हे शेवटचे. कोणालाही दिले नाहीत. पडवीत त्याच जागी आढी लावली आहे, पेंढा नवा. सकाळी वास घेते आणि तुझ्यासारखी वही घालते. तीन दिवसांचं उतरवून देते, म्हणजे तुला पटेल.

२० मे. चिकाचा वास, नाकाला झोंबतो. कच्चा.

२१ मे. चीक कमी. ओल्या पानासारखा. कच्चा. (मांजर आढीवर झोपलं होतं, उठवलं. ऊब मोजायची झाली तर हे लक्षात घ्यावं.)

२२ मे. पान आणि पेंढा. गोड काही नाही. कच्चा.

आज संध्याकाळी परत पाहीन. माझा अंदाज असा की रविवारपर्यंत, म्हणजे पंचवीसपर्यंत, वास पालटणार नाही. सोमवारी किंवा मंगळवारी पहिला गोड वास येईल, आणि गुरुवारी आढी तयार. वास पालटायच्या आधी डबा आत असला पाहिजे. कच्च्याचे दोन दिवस तरी त्याला मिळाले पाहिजेत, नाहीतर तो परत अर्धवट शिकेल. हे मी तुला सांगते आहे, मला हसू नकोस. त्यानंतर ३१ तारखेपर्यंत तुझ्या हातात दोन दिवस राहतात. यानंतर आंबा नाही, पुढच्या एप्रिलपर्यंत नाही.

या वेळी माझ्या एकटीच्या बोलण्यावर जायचं नाही. मी कच्चा म्हटलं की तू एक आंबा काढून चिरायचा. पिका म्हटलं तरी चिरायचा. यमुनाबाईंनाही वास घ्यायला बोलावलं आहे. त्या म्हणतात, "माझा गुडघा मोडलाय, नाक नाय." माझं नाक खोटं नव्हतं, वेदू, तोंड खोटं होतं. पण ते तुला बाहेरून कसं कळावं? म्हणून चिरून बघायचं.

मीटर रावजीबरोबर परत पाठवते आहे. वायरी सैल गुंडाळल्या आहेत. तुझाच आहे. त्यांनी तो ज्याला द्यायचा त्यालाच दिला, हे मी आता रडून नाही, डोळे पुसून लिहिते आहे. देताना बरं वाटलं असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. टेबलावर त्याची चौकोनी जागा रिकामी दिसते. पापडाचे डबे मी अजून परत ठेवले नाहीत.

आयर्न मात्र पाठवला नाही. तो टेबलावर ठेवला आहे, रीळही बाजूला. तो न्यायला तरी तुला यावं लागेल. आणि आलीस तर एक जोड मला मारू दे. शॉक बसला तर बसला. आधी जोड तापवायचा, मग तार लावायची, एवढं मला ऐकून येतं.

फाइलीबद्दल. काकांचं नाव जिथे आहे तिथेच ठेव. ते खरं आहे. त्याखालची ओळ मात्र खोड. 'वास ओळखणे' असं लिही आणि पुढे माझं नाव लिही, काकू नको. ते तू द्यावंस म्हणून थांबले असते तर पुन्हा मनात काहीतरी शिजलं असतं, म्हणून मागून घेते. आणि नोंदींच्या पानावर पहिल्या आढीपुढे हेही लिही, की सहाव्या ते बाराव्या दिवसांच्या नोंदी चुकीच्या आहेत, त्या मुद्दाम चुकीच्या सांगितल्या गेल्या, आणि पुढे परत तेच नाव. सरांनी विचारलं तर सांग. पुण्याच्या लोकांनी विचारलं तर त्यांनाही सांग. दोन्हीकडे नाव असलं तरच मला ते आपलं वाटेल.

नाही आलीस तर मी रागावणार नाही. गुरुवारी आढी उकलेन, वाडीत वाटेन, वही तुला पाठवेन. हेवा गेला असंही लिहिणार नाही. परवा काशीराम म्हणाला, वेदिका अगदी काकांवर गेली हो, तेव्हा मला ते आवडलं नाही. पण त्यानंतर मी आढीशी जाऊन वास घेतला आणि वहीत खरं तेच लिहिलं.

सकाळी पहिली एसटी आठच्या सुमारास पावसला येते. शनिवारी आणि रविवारी मी फाट्यावर उभी राहीन. डबा पिशवीत उभा धर, आडवा नको.

मी थांबेन. आंबे थांबणार नाहीत.

दमयंती